पाव किलोचा हिशेब

दिल्लीतल्या बायकांच्या गप्पांत एक आकडा सारखा ऐकू येतो : १२००. दिवसाला १२०० कॅलरी खायच्या आणि आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं. बागेत फिरायला येणाऱ्या बायका हेच सांगतात, भिशीत हेच निघतं, जिममधला मुलगाही हेच लिहून देतो. तिशीतल्या उंच, दणकट मुलीला तोच आकडा आणि साठीला टेकलेल्या, अंगानं लहान बाईलाही तोच. यामागची काळजी रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिल्लीतल्या ४१.३ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. देशभरातल्या स्त्रियांत हे प्रमाण २४ टक्के आहे. पण काळजी खरी असली म्हणून हाती पडलेला आकडा खरा ठरत नाही, आणि चुकीच्या आकड्यामुळे खचून गेलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. म्हणून आमच्या घरातला एक वाद इथे मांडते आहे.

वाद घालणारे दोघं. एक माझे यजमान. भाचीचे ते मामा, म्हणून इथेही मामाच. सारी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे कागदावर न उतरलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही. दुसरी त्यांची भाची. ती पुण्यात आहारशास्त्र शिकली, आता नोएडातल्या एका रुग्णालयात रुग्णांना आहार सांगते, आणि हल्ली कुणालाही कॅलरीचा आकडा लिहून देत नाही. वाद माझ्या शरीरावरून होता. वय ५८, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या काठावर. आयपी एक्स्टेन्शनमधल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी हे बोलणं झालं. मामांच्या पुढ्यात वही होती.

मामा : जमाखर्च मांडल्याशिवाय कुठे गळती आहे ते कळत नाही. शरीराचंही तसंच. मी हिचे आकडे मिफ्लिनच्या सूत्रात घातले. वजन गुणिले १०, म्हणजे ६८०. उंची गुणिले ६.२५, म्हणजे ९६९. त्यातून वयाची पाचपट, २९०, वजा. बाईसाठी आणखी १६१ वजा. राहिले ११९८. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत, श्वास यांना एवढं लागतंच. ही रोज संध्याकाळी चालते, म्हणून अ‍ॅपमध्ये ‘मध्यम हालचाल’ निवडली. १.५५ नं गुणलं, १८५७ आले. आता एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो हवा तर रोज ५५० कमी खायच्या. १८५७ वजा ५५०, म्हणजे १३०७. धरा १३००. यात चूक दाखव.

भाची : बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, मामा. पण ज्या माणसांवरून हे सूत्र निघालं ती माणसं कोण होती, ते आधी बघ. अशा सूत्रांची सुरुवात १९१९ मध्ये हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी केली, अमेरिकेतल्या २३९ माणसांच्या मोजमापांवरून. तुझं मिफ्लिनचं सूत्र १९९० चं. तेही अमेरिकेतच, ४९८ जणांवर. सूत्र चांगलं आहे, मीही तेच वापरत होते. पण मामीच्या अंगाची ठेवण त्या माणसांसारखी नाही.

मामा : ठेवण म्हणजे काय? किलो तो किलोच.

भाची : नाही ना! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यंत्रावर अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीला वजन तेच, पण एकाच्या अंगात स्नायू जास्त आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी. स्नायू बसल्या जागीही ऊर्जा खातात, चरबी फारच कमी खाते. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन धरतात आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध करतात.

मामा : म्हणजे सूत्र हिची गरज जास्त दाखवतं. किती जास्त?

भाची : आयसीएमआरच्या समितीनं २०१० च्या शिफारशींत भारतीयांची ही मूळ गरज जागतिक सूत्रापेक्षा ५ टक्के कमी धरली होती. ते सूत्र वेगळं होतं, पण तोच कट मी मिफ्लिनला ढोबळपणे लावते. पडताळा हवा तर घे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जी प्रमाण भारतीय स्त्री मानली ती ५५ किलोची, १६२ सेंटिमीटर उंचीची. वय ३० धर. मिफ्लिननं येतात १२५२. पाच टक्के काढ, ११८९. बैठ्या कामाला संस्था १.४ नं गुणते. किती?

मामांनी वहीत गुणाकार केला. १६६५ आले.

भाची : आणि संस्थेच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिलेत १६६०.

मामा काही न बोलता माझे आकडे पुन्हा मांडायला लागले. ११९८ मधून ५ टक्के गेले, ११३८ राहिले. आता गुणायचं कशानं, यावर मात्र दोघं चांगलेच अडले. मामांना १.५५ सोडवेना, कारण मी संजय लेकच्या बागेत रोज तीन किलोमीटर चालते हे ते डोळ्यांनी पाहतात. त्यांना माझं चालणं वाया गेलेलं नको होतं.

भाची : तीन किलोमीटर चालून या वजनाच्या बाईच्या जेमतेम शंभर-दीडशे कॅलरी खर्च होतात. बाकीचा दिवस? भांड्याला बाई, पोळ्यांना बाई, खाली उतरायला लिफ्ट, बाजार फोनवर. आणि दिल्लीत वर्षभर चालणं होतं तरी कुठे? दिवाळी झाली की हवा इतकी बिघडते की मीच रुग्णांना बाहेर चालू नका म्हणते. मे-जूनमध्ये सकाळी आठलाच ऊन भाजतं. वर्षातले तीन-चार महिने तुझं ‘मध्यम’ कागदावरच राहतं. संस्थेच्या लेखी मध्यम श्रमाचा गुणक १.८ आहे, तो दिवसभर उभं राहून अंगमेहनत करणाऱ्या बाईचा. मामी १.४ मध्येच बसते.

हे ऐकायला मला बरं वाटलं नाही, पण खरं होतं. नोव्हेंबरात मी खिडक्या लावून घरात बसते आणि भूक मात्र बागेत जाऊन आल्याइतकीच लागते. ११३८ ला १.४ नं गुणून १५९३ आले. अ‍ॅपच्या १८५७ पेक्षा २६४ कमी.

मामा : मग १५९३ मधून ५५० वजा केले तर १०४३ होतात. एवढ्यावर माणूस राहील कसा?

भाची : आता तू मुद्द्यावर आलास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की आठवड्याला अर्धा किलोपर्यंत घट सुरक्षित आणि आहार १००० कॅलरीच्या खाली नको. मोठ्या अंगाच्या पुरुषाला दोन्ही गोष्टी एकदम जमतात. मामीसारख्या बाईला अर्धा किलो उतरवायचा म्हटलं की ती थेट त्या तळाला जाऊन टेकते. मग हाडं, स्नायू, रक्त यांना लागणारं प्रथिन आणि लोह त्या ताटात बसवायचं कसं? नुसती गरज म्हणून हिला दिवसाला ५६ ग्रॅम प्रथिन हवं. हजार कॅलरीत पोळी-भात-भाजी खाऊन ते होत नाही.

मामा : मग पाव किलो धरू. ५५० चे अर्धे २७५. १५९३ वजा २७५ म्हणजे १३१८. (थोडं थांबून) अगं, हा तर माझाच आकडा झाला. १३००.

टेबलाशी दोन मिनिटं कुणी बोललं नाही. अख्ख्या वादातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. ताटातला आकडा बदलला नाही, फक्त त्यामागचं आश्वासन बदललं. पहिल्या हिशेबात १३०० कॅलरींवर आठवड्याला अर्धा किलो उतरणार होता, दुसऱ्यात त्याच १३०० वर पाव किलो. पहिला कागद घेऊन मी सुरुवात केली असती, तर महिन्यानं काट्यावर दोन किलोऐवजी एकच किलो कमी दिसला असता आणि मी स्वतःला खादाड म्हटलं असतं. मग १३०० चे ११००, ११०० चे ९००. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी याच वाटेनं गेल्या. त्यांनी लबाडी केली नव्हती. त्यांच्या अंगाला न बसणारा हिशेब त्यांच्या हाती दिला गेला होता.

मामांना एवढ्यानं जिंकल्यासारखं वाटलं असणार. पण भाचीचा मूळ आक्षेप अजून बाकी होता.

भाची : समज, १३१८ अगदी बरोबर आहे. पण मामीनं आज खाल्लं किती हे तू कसं सांगणार? १९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या लठ्ठ लोकांनी लिहिलेल्या नोंदी आणि प्रत्यक्ष खाणं ताडून पाहिलं. लिहिलेलं खाणं खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी निघालं आणि हालचाल ५१ टक्के जास्त लिहिलेली होती. माणसं खोटारडी नव्हती. आपण काय खातो हे आपल्याला डोळ्यांनी कळतच नाही. ज्या वहीत निम्मी नोंद नाही ती वही काय कामाची?

मामा : नोंद कच्ची असेल तर पक्की करायची. वही फेकून देणं हा उपाय नव्हे. फुलक्याची कणीक एकदा वजन करून बघितली. एका फुलक्याला २५ ग्रॅम, म्हणजे ८० कॅलरी. दोन फुलके, वाटीभर वरण, चमचाभर तेलातली भाजी, मिळून साडेतीनशेच्या आसपास. आणि हिच्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी? ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, अर्धा बटाटा. पाचशेच्या वर गेली. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगाच नाही. हे मोजल्याशिवाय कळलं असतं?

भाची : एकदा मोजलंस ते उत्तमच. रोज मोजायला माझा विरोध आहे. आणि भाजीत चमचाभर तेल पडतं हे तुला कुणी सांगितलं? स्वयंपाकाच्या ताई मसाला तेल सुटेपर्यंत परततात. दिल्लीत प्रत्येक भाजी कांदा-टोमॅटोच्या वाटणात अशीच भुनली जाते, दुधीसुद्धा. तू पळी मोजलीस का?

मामांनी पळी मोजली नव्हती, पण त्यांच्याकडे किराण्याचा खर्च लिहिलेला होता. आम्ही घरात चौघं. मुलगा-सून धरून महिन्याला तेलाचा पाच लिटरचा एक डबा संपतो. पाच लिटर म्हणजे सुमारे ४६०० ग्रॅम. चार माणसं, ३० दिवस. माणशी ३८ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. तूप, लोणी आणि बाहेरचे समोसे सोडूनही आम्ही ११ ग्रॅमनं पुढे होतो. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे माणशी रोजच्या शंभर. मला ज्या २७५ कमी करायच्या होत्या त्यातल्या शंभर त्या डब्यातच होत्या, आणि त्यासाठी ताटातला एक घासही कमी करायला नको होता.

भाची : हा हिशेब मला मान्य आहे. यात मामीला प्रत्येक घासाला फोन काढावा लागत नाही. महिन्याचा डबा दीड महिना पुरवा, एवढंच सांगायचं. सगळ्या घराचं भलं होईल.

मामा : पण हाही आकडाच आहे.

भाची : हो, पण तो डब्याला लावलेला आहे. बाईच्या भुकेला लावलेला आकडा वेगळा आणि तो फार वाईट रीतीनं उलटू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी. त्यांना रोज चालायलाही लावत, म्हणून मामीशी सरळ तुलना नको. पण काय झालं ते बघ. शरीरानं खर्च आवरता घेतला, नाडी मंदावली, सतत थंडी वाजायला लागली. ती मुलं चिडचिडी, उदास झाली. दिवसभर जेवणाचेच विचार, पाककृतींची पुस्तकं वाचणं. माझ्यासमोर अशा मुली बसतात, मामा. गुरुग्रामच्या कचेरीत चांगल्या पदावर काम करतात आणि केळं खाल्लं म्हणून रडतात. त्यांना मी आकडा कशी देऊ?

मामांनी यावर वाद घातला नाही. पण त्यांची दुसरी शंका माझ्याही मनात होती. आकडा द्यायचा नसेल तर लोक पकडणार काय? आपल्या मराठी घरांतून गेल्या काही वर्षांत दोन नावं सतत निघतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ही कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, असं ते स्वतः सांगतात. ऋजुता दिवेकर म्हणतात, आजीच्या हातचं, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका, भुकेच्या वेळी खा. एक दोनदा, दुसरी अनेकदा. माझी लातूरची बहीण पहिल्या वाटेनं गेली, तिची सून दुसऱ्या. दोघीही कॅलरी मोजत नाहीत आणि सुरुवातीला दोघींचंही वजन उतरलं.

मामा : कारण दोघींचं एकूण खाणं कमी झालं. एकीचा दुपारचा चहा-बिस्किट गेला, दुसरीचं पाकिटातलं सगळं गेलं. मोजलं नाही म्हणून हिशेब चुकतो थोडाच!

भाची : बरोबर. म्हणूनच जी रीत घराला झेपेल ती धरावी. आणि काट्यावरच सगळं ठरवू नये. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ मध्ये छापलेला अभ्यास काठावरच्या साखरेच्याच भारतीय माणसांवर होता. चालणं आणि आहार सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन फारसं बदललंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून जी बाई सगळं सोडून देते, ती मिळणारा फायदाही सोडून देते. मामीनं कंबर मोजावी.

मामा : मोजेल. पण मला सुरुवातीचा आकडा हवाच. नाहीतर कुणीतरी १२०० म्हणतो, कुणी ८००, आणि खोडायला आपल्याकडे काहीच नसतं. आणि पुन्हापुन्हा हिशेबही करावा लागेल. वजन ६४ झालं की गरज १५४० वर येते, म्हणजे तेच जेवून घट आणखी हळू होईल. हे आधी माहीत असलेलं बरं.

भाची : त्याहूनही थोडी खाली येते. कमी खाणं सुरू झालं की शरीर सूत्राच्या अंदाजापेक्षाही जास्त काटकसर करतं. म्हणून स्नायू राखायचे. घरातल्या घरात खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून जोर. प्रदूषणाच्या दिवसांतही हे होतं. आणि ताटात डाळ, दही, पनीर, उसळ वाढवायची.

रोजची नोंद ठेवावी की नाही, यावर दोघांचं एकमत झालं नाही आणि होईल असं मला वाटत नाही. मी माझ्यापुरता निवाडा केला आहे. हिशेब एकदा नीट मांडावा, या बाजूला मी मामांबरोबर आहे, कारण १२०० चा उधारीचा आकडा माझ्या डोक्यातून कुठल्याही उपदेशानं गेला नव्हता. तो १५९३ आणि १३१८ यांनी गेला. रोज वहीत घास लिहिण्याला माझा नकार आहे, तिथे मी भाचीबरोबर. तेलाचा डबा, नाश्त्याला मोड आलेली उसळ, एकादशीला खिचडीऐवजी वरीचा भात आणि ताक, महिन्यातून एकदा कंबरेला टेप. पाच टक्के वजन, म्हणजे माझे साडेतीन किलो, पाव किलोच्या चालीनं चौदा आठवड्यांत उतरायला हवेत. जास्त लागले तर लागू देत.

हे वाचून कुणी हिशेब करायला बसणार असेल तर माझी विनंती एवढीच. स्वतःच्या वजनानं, उंचीनं आणि वयानं करा, मैत्रिणीचा आकडा घेऊ नका. बैठं आयुष्य असेल तर १.४ नंच गुणा, मन मोठं करून १.५५ निवडू नका. उत्तर १००० च्या जवळ जायला लागलं तर ताट आणखी कमी करू नका, घटीचा वेग कमी करा. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, थायरॉइड वा मूत्रपिंडाचा आजार असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन आणि काही गोळ्या तेवढ्याच ठेवून जेवण घटवलं तर साखर एकदम खाली जाते, आणि ते जिवावर बेतू शकतं.